एक गाडी जाईल एवढी

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत, उखाण्यापुरतंच. पण लिहायला कुणी बंदी केलेली नाही, म्हणून लिहून टाकते: कैलास. वय सत्तेचाळीस, उंची पाच फूट चार इंच, आणि गाडी अठरा फूट.

लग्न होऊन मी नेऱ्याहून कासार आंबोलीला आले तेव्हा आमच्या घरी गाडी म्हणजे बैलगाडी होती, तीसुद्धा बैलांशिवाय. पुढे रस्त्याकडच्या जमिनींना भाव आला, आमचं भाताचं खाचर विकलं गेलं आणि घरात गाड्या वाढायला लागल्या. आधी जीप आली. मग सात माणसांची बंद गाडी आली, तिच्यात आम्ही दोघंच बसायचो. आणि मागच्या दसऱ्याला आली ती पिकअप.

रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत दीडशे पावलांची वाट आहे. त्या वाटेच्या उजव्या हाताला बंडोपंतांच्या बंगल्याची भिंत. बंडोपंत कोथरूडचे, निवृत्त, शनिवार-रविवार येतात. आमच्या विकलेल्या खाचरातच त्यांचा बंगला आहे. डाव्या हाताला धोंडाकाकीचं घर आणि घराला लागून तिची पडवी. काकी आमच्या भावकीतली, शहात्तर वर्षांची, एकटी. नवरा भैरूकाका जाऊन वीस वर्षं झाली. मुलं झाली नाहीत.

जीप घेतली तेव्हा काकीच्या पडवीसमोर दगडी डोण होती. बैलांना पाणी पाजायची, एकसंध काळ्या दगडाची. ती चाकाला लागायची. कैलास म्हणाला, "काकी, जरा बाजूला ठिवतो, चार दिसासाठी." ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. डोण रस्त्याच्या कडेला पडून होती, ती बंडोपंतांनी बंगला बांधताना क्रेननं आत घेतली. आता तिच्यात कमळं आहेत. बंडोपंत पाहुण्यांना सांगतात, "अँटिक पीस आहे."

सात माणसांची गाडी आली तेव्हा पडवीचे पत्रे हातभर कापले आणि ओट्याची कड तासली. काकी काही बोलली नाही. म्हणजे बोलली, पण शिव्या धरत नाहीत. दर वेळी गाडी वाढली आणि काकीचं घर आटलं. कैलासची उंची मात्र लग्नात होती तेवढीच राहिली.

खरं सांगायचं तर पिकअप घेताना मीही शोरूममध्ये होते आणि रंग मीच निवडला. तिथला पोरगेला साहेब सांगत होता, जुन्या मॉडेलपेक्षा चार इंच रुंद, पाच इंच उंच, बॉनेट तर असं की समोरून आलेल्या माणसानं नमस्कारच करावा. कैलासनं विचारलं, "पुढचं मॉडेल ह्याच्यापरीस मोठं येणार का?" तो म्हणाला, "येणारच सर, दर वेळी मोठंच येतं." हे ऐकून कैलासचा चेहरा पडला. घ्यायच्या आधीच गाडी लहान झाली होती. मग त्यानं बाहेरून रुंद टायर बसवले, टायरांवर छपऱ्या बसवल्या, पुढं लोखंडी बंपर बसवला. सगळं मिळून सव्वासात फूट रुंद झाली, आरसे धरले तर साडेआठ. मी चढायला घरचा पाट बरोबर नेला. हसू नका, मागच्या सीटखाली तो अजून आहे.

आता आमच्या गावात एक अडचण आहे. आमच्याकडे पिकअप म्हटलं की लोकांना एकच गाडी माहीत: दूधवाल्या गोरखची. पुढं दोन माणसं, मागं किटल्या, किटल्यांच्या मधे कुणाची शेळी. गोरख रोज सकाळी आमच्या वाटेनं झुर्रकन आत येतो, दूध घेतो आणि झुर्रकन जातो. त्यामुळं कैलासनं पिकअप ठरवली म्हटल्यावर दसऱ्याआधीच अख्खा गाव विचारायला लागला, "भाडं काय घेनार?" एकानं पिरंगुटला पत्रे न्यायचे का विचारलं, एकानं बोकड. कैलास सगळ्यांना सांगत सुटला की ही तसली पिकअप नव्हे. मग कसली, असं लोक विचारायचे, आणि तिथं त्याचं गाडं अडायचं. कारण त्या गाडीच्या मागच्या हौद्यात काहीच ठेवायचं नव्हतं. आत काळं मऊ अस्तर होतं आणि त्याला ओरखडा गेला असता.

दसऱ्याच्या सकाळी मी घरासमोर ताट घेऊन उभी. ताटात कुंकू, लिंबं, नारळ. गाडी दारात आल्यावरच औक्षण करायचं, रस्त्यावर नाही, असा त्याचा हट्ट. गाडी वाटेत शिरली. आरसे कान पाडल्यासारखे मिटवले. एका अंगाला बंडोपंतांची भिंत चार बोटांवर, दुसऱ्या अंगाला काकीचं घर. पडवीपाशी आमची वाट जराशी वळते. बैलगाडी वळायची, जीप वळायची, गोरख तर न बघता वळतो. ही वळली नाही. तोंड भिंतीला आणि पाठ पडवीच्या खांबाला लावून उभी राहिली. ना पुढं, ना मागं.

मी ताट घेऊन वाट चालत गेले. बॉनेट माझ्या हनुवटीला आलं. पलीकडं नवरा आहे की नाही ते दिसेना. मी म्हटलं, "अवो, हाय का आत?"

"हाय! दार उघडंना!"

त्याच्या बाजूचं दार भिंतीला टेकत होतं. मग तो सरकत-सरकत डाव्या बाजूला आला आणि खिडकीतून बाहेर निघायला लागला, कारण त्या बाजूला पडवी उघडी होती. आधी डोकं आलं, मग खांदे. पोटापाशी काम थांबलं. पडवीत काकी वाल सोलत बसली होती. तिनं सूप बाजूला केलं, त्याच्या काखेत हात घातले आणि अडलेलं वासरू ओढावं तसं ओढून काढलं. तो वालाच्या टरफलांवर पडला.

"ये बाबा," काकी म्हणाली. "पिकअप घेतलीस म्हनं. बरं झालं. माझं दोन खेपा शेणखत खाली मळ्यात टाकून दे."

झालं. गाव बोललेलं त्यानं कसंबसं गिळलं होतं, हे त्याच्या घशात अडकलं. केसांत टरफलं तशीच. उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, ही पडवी काढावी लागंल."

ज्या पडवीमुळं माणूस गाडीतून बाहेर पडला, तीच पडवी. मी ताट खाली ठेवलं. औक्षण राहिलंच.

दुपारी तो पुन्हा पडवीतूनच खिडकीत शिरला, गाडी इंचाइंचानं उलटी काढली आणि रस्त्याच्या तोंडाशी लावली. संध्याकाळी कपाटातून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं धरली. अडतीस वर्षांपूर्वी माझे सासरे कुशाबा आणि भैरूकाका यांनी पंचांसमोर केलेला कागद. त्यात लिहिलं होतं: भैरू यांनी आपले जमिनीतून कुशाबा यांस रस्त्यापासून घरापर्यंत एक गाडी जाईल एवढी वाट दिली असे, त्यास वारसांनी हरकत घेऊ नये.

"वाच," कैलास म्हणाला. "एक गाडी जाईल एवढी. आता ती काय हाय रस्त्यावर? गाडीच हाय ना? का म्हैस हाय? ती जात न्हाई. म्हंजी वाट कमी हाय. काकीनं कमी दिलीया."

मी म्हटलं, "तवाची गाडी म्हंजी बैलगाडी."

"तसं लिवलंय का कुटं?"

लिहिलं नव्हतं. आडदांड माणसाच्या हातात शब्द पडला की असं होतं. मी भांडले. काकीनं आधीच किती दिलंय ते सांगितलं. गाडी रस्त्यावर ठेव म्हटलं, तर म्हणाला, एवढी गाडी घेऊन माणसानं चालत घरी यायचं का? मी म्हटलं, गोरखची येते. त्यावर तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि घरात जरा शांतता होती.

पण त्या तीन दिवसांत त्यानं पंच ठरवले, रविवार ठरवला आणि रविवारी दुपारचा जेसीबीही सांगून ठेवला. निकाल व्हायच्या आधी जेसीबी.

मी काकीकडं गेले. ती वालच सोलत होती.

"काकी, तुमी काय म्हनला तवा? कागद केला तवा तुमी हुता ना?"

"व्हते की. च्या म्याच केला सगळ्यांना. आख ठिवून मापली हुती वाट. तुझ्या सासऱ्यानं गाडीच्या चाकांमधला आख खांद्यावर आनला हुता. पर माझं कोन ऐकतंय? माझ्याकडं कागूद न्हाई. एकच केला, तुझा सासरा ठिवतो म्हनला. ह्यांनी ठिवू दिला." मग पुढची शेंग उचलत म्हणाली, "कैलासला सांगून बगितलं. तोंडी काय बी सांगू नकू म्हनला."

एवढं सांगून तिनं माझ्यासमोर मूठभर वाल टाकले. रिकामी बसलेली बाई तिला चालत नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते मी कैलासला कधी सांगितलेलं नाही. माझं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून आणल्यावर सासू म्हणाली, अशी बाई माजघरात नको, सुतक फिटू दे. मी बावीस वर्षांची होते. काकीनं पडवीत घोंगडी टाकली आणि मला तिथं निजवलं. दहा दिवस तांदळाची पेज पाजली. कुणी विचारायला आलं की पुढं बसून म्हणायची, "झोपलीया, जावा." मी झोपलेली नसायचे. खांबाला धरून रडायचे. तो खांब मला माहीत आहे, कुठं गाठ आहे, कुठं चीर आहे. त्याच खांबाला गाडीची पाठ टेकली होती, आणि रविवारी तो खांब जाणार होता. आणि त्या गाडीचा रंग मीच निवडला होता.

रविवार उजाडला. पंच म्हणजे गावातले तीन म्हातारे, त्यांतले दोन कैलासच्या सोयीचे. गोरख दुधाच्या किटल्या पोचवून तसाच आला, ऐकायला. बंडोपंत भिंतीला काही होऊ नये म्हणून हजर. सगळे पडवीतच बसले. पाडायची पडवी, पण बसायला दुसरी जागा कुठं होती? काकीनं सगळ्यांना चहा केला. सोळा माणसं होती आणि अजून चार मावली असती. त्या अठरा फुटांच्या गाडीत पाच बसतात.

पंचांतला एक म्हणाला, "झेराक्स नगं. मूळ कागद आना."

कैलासनं मला फर्मावलं, "शुभांगे, आबांच्या टरंकंतनं कागद आन."

सासऱ्यांची लोखंडी ट्रंक माझ्या शालूखाली ठेवलेली असते, किल्ली माझ्याकडं. घरी गेले, उघडली. विळ्याची मूठ, मोडका चष्मा, आणि पिशवीत घडी घातलेला कागद. उलगडला. पुढची बाजू पाठ होती. सहज उलटा केला, तर मागंही लिहिलेलं होतं. तेच अक्षर, तीच शाई, जरा पुसट. पौडला झेरॉक्स काढणाऱ्यानं एकच बाजू काढली होती आणि आमच्या मालकांनी ती आयुष्यभर पुरवली होती.

मी उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

त्या वेळी घरात मी एकटीच होते. कागद घडी घालून तसाच नेला असता, पुढची बाजू वर करून दिला असता, तर कुणालाही कळलं नसतं. काकीला वाचता येत नाही. पंचांना चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि मागची बाजू दाखवली तर माझ्या नवऱ्याची सगळ्या गावासमोर शोभा होणार होती, आणि ती करणारी मी. नवरा वाईट आहे का? नाही. मूल गेलं तेव्हा तोही वळचणीला बसून रडला होता, बापाला दिसू नये म्हणून. पण कापलेले पत्रे मी रोज बघत होते. किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी उठले, घरातला दुसरा पाट घेतला, त्याच्यावर स्टूल ठेवलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध वर चढले.

इथं आमच्या झुंबराबद्दल सांगायला हवं. घर नवं केलं तेव्हा बंडोपंतांच्या बंगल्यात बघून कैलासनं जुनी बैलगाडी शोभेला लावली. दोन चाकं फाटकाला, वार्निश मारून. आणि गाडीचा आख, ज्याच्या दोन टोकांना चाकं फिरायची तो, सोनेरी रंगवून, सहा बल्ब टांगून दिवाणखान्यात. पाहुणे आले की तो बटण दाबून म्हणायचा, "आमच्या वडलांची आठवन." त्याखाली बसलं की डोक्यावर काही पडेल असं मला कायम वाटायचं. मी वायर पक्कडीनं तोडली आणि साखळीतून आख काढला. जड होता. खांद्यावर घेतला.

वाटेनं मला येताना पाहून पडवीतलं बोलणं बंद झालं. खांद्यावर सोनेरी आख, पुढं तीन आणि मागं तीन बल्ब हलतायत, वायर मागं लोळतेय. कैलास उठून उभा राहिला. "ह्ये काय आनलंस? म्या कागद आनाया सांगितला हुता!"

"कागद बी आनलाय," मी म्हटलं आणि बंडोपंतांच्या हातात दिला. "काका, तुमी शिकलेलं हाय. वाचा."

बंडोपंतांनी घसा साफ करून पुढची बाजू वाचली. एक गाडी जाईल एवढी. कैलासनं सगळ्यांकडं पाहिलं. पंचांनी माना हलवल्या.

"आता मागचं पान वाचा."

बंडोपंतांनी कागद उलटला, वाचायला लागले आणि मधेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी पाहिला. म्हणाले, "हे जरा अस्पष्ट आहे. जुनी शाई. यावर फार विसंबून राहता येणार नाही असं माझं मत आहे."

"द्या इकडं," मी म्हटलं. "मला दिसतंय."

आणि मी मोठ्यानं वाचलं. गाडी म्हणजे बैलगाडी समजावी. वाटेचे माप कुशाबाचे घरचे गाडीचा आख आणि दोन्ही अंगास एक एक वीत. यापरीस जास्त वाट लागल्यास कुशाबाने आपले खाचरातून द्यावी, भैरूकडे मागू नये.

गोरख मागून म्हणाला, "खाचरात तर बंगला हाय."

"माझी भिंत कायदेशीर आहे," बंडोपंत घाईनं म्हणाले. "खरेदीखतात शेवटच्या इंचापर्यंत नोंद आहे."

होतीच. खाचर विकताना बोटभरही सोडायचं नाही, असं कैलासनंच मोजणीवाल्याला बजावलं होतं.

"आख ठिवा," पंच म्हणाला.

मी आख पडवीसमोर भिंतीला काटकोनात ठेवला, एक वीत इकडं, एक वीत तिकडं. बल्ब दगडांवर किणकिणले, एक फुटला. वीत कुणाची, यावर दोन मिनिटं वाद झाला. शेवटी सगळ्यात लांब पंज्याची, म्हणजे गोरखची धरली. टेप लावली. पावणेसात फूट. वाट होती पावणेआठ.

काकीची जमीन एक फूट जास्त गेली होती. मागायला गेला होता कैलास, आणि निघाली त्याच्याकडूनच येणं. करायला गेला गणपती, झाला मारुती. हिशोबानं सव्वासात फुटांची गाडी आता वाटेत शिरूच शकत नव्हती, वळण तर लांबच.

सगळे काकीकडं बघायला लागले. मीही. फूटभर जागा तिच्या हक्काची होती. कापलेले पत्रे, तासलेला ओटा, सगळं तिनं मागितलं असतं तर कुणाची बिशाद नव्हती. कैलास खाली मान घालून वायर गुंडाळत होता. कशासाठी, देव जाणे.

काकी कपबश्या गोळा करत म्हणाली, "आमच्यात म्हनत्यात, भटाला दिली वसरी..." आणि बंडोपंतांकडं बघून थांबली. "तुमी न्हवं वो. म्हन हाय ती."

"मला माहीत आहे ती म्हण," बंडोपंत म्हणाले.

"माझी डोण तुमच्या बागंत हाय. ती द्या."

"त्यात कमळं आहेत."

"कमळं ठिवा तुमी. डोण द्या."

"काकी, आनि फूट?" पंचानं विचारलं.

"फुटात ती डोणच बसंल की," काकी म्हणाली. "तितंच हुती ती."

आता डोण आणायची कशी? सहा माणसं लागतात नुसती हलवायला. गोरखनं आपल्या पिकअपकडं पाहिलं आणि मान हलवली, "माझ्या गाडीचं स्प्रिंगचं पाटं बसतील." मग सगळ्यांची नजर हळूहळू रस्त्याच्या तोंडाशी गेली. तिथं ती उभी होती, चकचकीत, तिच्या हौद्यात आजवर एक पेंढीसुद्धा पडलेली नव्हती.

कैलासनं खिशातून किल्ली काढली आणि गेला.

बंगल्याच्या फाटकातून गाडी आत घ्यायला बंडोपंतांनी स्वतः हात दाखवला. कमळं बादल्यांत काढली. पहारी लावून, फळ्या लावून सात माणसांनी डोण हौद्यात सरकवली, तेव्हा कर्रर्र असा आवाज आला आणि काळ्या मऊ अस्तराला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडा गेला. कैलासनं डोळे मिटून घेतले. पण एक सांगते, गाडी जरासुद्धा खाली बसली नाही. गोरख म्हणाला, "जोर हाय बरं का गाडीत," आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. दसऱ्यापासून त्या गाडीबद्दल पहिल्यांदाच कुणी चांगलं बोललं होतं. कैलासनं डोळे उघडले.

वाटेच्या तोंडापासून पुढं डोण बाभळीच्या ओंडक्यांवरून लोटत आणली. सत्तर पावलं. कैलास मागून लोटत होता, शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल. जेसीबीवाला दुपारी दोनला आला. कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. त्याला चहा देऊन परत पाठवला.

डोण जागेवर बसली. पडवीच्या खांबाला लागून, जिथं दगडांवर तिच्या बुडाची खूण होती तिथंच. खांब शाबूत होता. मी त्याला हात लावून उभी राहिले आणि मला रडू आलं, तर मी रडले. कैलासनं माझ्याकडं पाहिलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मग खांबाकडं पाहिलं. काही विचारलं नाही. नंतर विचारील बहुतेक, आणि या वेळी मी सांगणार आहे.

माणसं पांगली. कैलास डोणीच्या काठावर टेकला, धापा टाकत. काकी आतून फडकं घेऊन आली आणि डोण आतून पुसायला लागली. कमळांचा चिखल निघत होता. पुसता-पुसता, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली,

"तुझी आई भात लावाया जायची, तवा म्या तुला हितं सोडायची. दिसभर डुंबायचास. निगाया नगं म्हनायचास."

काकीनं फडकं पिळलं.

"तवा मावायचास," काकी म्हणाली.

त्यानं डोणीत पाहिलं. चार फूट लांब, फूटभर रुंद. मग उठला, काकीच्या दारातली कळशी घेतली आणि नळावर गेला.

डोण भरायला बावीस कळश्या लागल्या. मी मोजल्या. सगळ्या त्यानंच आणल्या, चालत.